उजव्या बाजूची तार

माझे वरचे पुढचे दोन दात तांडेलने पाडले. नाशकात हे सगळ्यांना माहीत आहे. दर वर्षी मास्तरच्या स्मृतिदिनाला मला तालमीच्या स्टेजवर बसवतात, गळ्यात हार घालतात, आणि बोलायला उभा राहिलेला माणूस माझ्या तोंडाकडे हात करून सांगतो की त्या माणसाने काय केलं ते या काकांना विचारा. मला विचारत मात्र कोणी नाही. मी ओठ मिटून बसतो आणि चहा आला की निघतो.

दात तांडेलने पाडले हे खरं आहे. बाकी जे सांगितलं जातं ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे माहीत असलेला या वर्षापर्यंत मी एकटाच उरलो होतो.

तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. शब्द कोळ्यांचा. मखमलाबादच्या बाजूला झेंडू लावणाऱ्या माळ्याच्या मुलाला तो नाशकाने चिकटवला, आणि आधी चिडवण्यासाठीच चिकटवला. आम्ही एका वर्गात होतो. पुढे तो नौदलात गेला, तिथे शिडाच्या बोटी चालवायला शिकला, आणि सुटून घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यात समुद्राशिवाय काही उरलं नव्हतं. चौकात लोक विचारायचे, "काय तांडेल, नासर्डीच्या नाल्यातून कधी निघतोय?" तो म्हणायचा, "तुझं तोंड धुऊन झालं की. तोवर पाणी घाण आहे."

नव्वदच्या दशकात तो एका लहान शिडाच्या बोटीतून एकटा मुंबईहून मॉरिशसला गेला आणि परत आला. जाताना वादळात त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. दांड्याने मांडी फाटली ती त्याने शीड शिवायच्या सुईने शिवली. तो व्रण तो सत्कारात धोतर वर करून दाखवायचा आणि पुढच्या रांगेतल्या बायका माना फिरवायच्या. नाशिकला समुद्र नाही, म्हणून आम्हाला त्याचं कौतुक मुंबईकरांपेक्षा जास्त होतं. शाली इतक्या मिळाल्या की त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, त्यांची गोधडी शिवली.

तो मारकुटा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच्या मारण्याला एक कारण असायचं आणि ते मला फार आधीपासून ठाऊक होतं.

शाळेत असताना गोदावरीला पूर आला होता. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं होतं आणि पोरं पुलावरून उड्या टाकत होती. मी पैजेवर उडी मारली. पाण्याखाली एक ओंडका येऊन माझ्या पोटात बसला, श्वास गेला, आणि वर आलो तेव्हा समोर हा दिसला. मी त्याच्या गळ्याला मिठी मारली. आम्ही दोघं खाली गेलो. त्याने माझ्या नाकावर ठोसा मारला. मी सोडलं नाही. त्याने दुसरा मारला, तेव्हा काहीतरी मोडल्याचा आवाज माझ्या डोक्याच्या आत झाला आणि हात सुटले. मग केसांना धरून त्याने मला तपोवनापर्यंत खाली वाहत नेऊन काठाला लावलं. नाकातून रक्त, तोंडातून गढूळ पाणी. मी त्याला आईवरून शिव्या दिल्या.

"सोडत नव्हतास ना तू," तो धापा टाकत म्हणाला. "दोघंही मेलो असतो. मग काय तुझी आरती करू?"

तेव्हापासून माझं नाक वाकडं आहे. त्याबद्दल मी त्याच्यावर कधी राग धरला नाही. उलट गावभर सांगत फिरलो. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं ते मला समजलं नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

मी द्राक्षबागांचे मांडव उभारतो, म्हणजे उभारायचो. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी या पट्ट्यात माझ्या हातचे मांडव अजून उभे आहेत. लोकांना वाटतं बाग म्हणजे वेल. बाग म्हणजे आधी तार. कडेचे खांब बाहेरच्या बाजूला कलते रोवायचे, त्यांना ताण द्यायचा आणि वर तारांची जाळी ओढायची. माल भरला की त्या जाळीवर जे ओझं येतं त्याने ढिली तार मध्ये झोल घेते, शेजारच्या तारेवर भार जातो, आणि एका रात्रीत अख्खा मांडव भुईसपाट होतो. म्हणून सैल तार ही आमच्या धंद्यात शिवी आहे. मी काम संपलं की प्रत्येक तारेला बोटाने टिचकी मारायचो. वाजली पाहिजे. ताणताना तार तुटली तर माणूस फाडते. माझ्यासमोर एका गड्याचा गाल कानापर्यंत उघडा झाला होता आणि आतली दाढ दिसत होती. तरीही मी तारा ताणल्याच. भीती वाटायची ती सैल तारेची.

तांडेलने झेंडूच्या वावरात पत्र्याची मोठी शेड टाकून बोट बांधायला घेतली तेव्हा डोलकाठीच्या तारांचं काम माझ्याकडे आलं. डोलकाठी उभी राहते ती दोन्ही बाजूंच्या तारांवर. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल असतो. तो फिरवला की आटे आत जातात आणि तार ताणली जाते. हे मला शिकवावं लागलं नाही. तांडेलने मला दुसरंच शिकवलं.

गंगापूर धरणावर आम्ही ती बोट पहिल्यांदा पाण्यात घातली. वारा डावीकडून होता, बोट उजवीकडे कलली, आणि उजवीकडची तार लोंबायला लागली. मी पाना घेऊन पुढे सरकलो. त्याने मागून माझ्या कानाखाली वाजवली.

"आधी सांगायचं ना," मी म्हणालो.

"आधी सांगेपर्यंत तू फिरवला असतास. हे बघ. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची तार भार घेते. दुसरी सैल पडते. पडू दे. ती झोपली आहे. वारा फिरला की तिला उठायचंय. झोपेत तिला ताणून ठेवलीस, तर ती उठेल तेव्हा तुटेल. हा तुझा मांडव नाही. मांडव एका जागी उभा असतो."

मी मान हलवली. त्याने प्रत्येक टर्नबकलच्या आट्यांवर लाल रंगाची रेघ ओढली आणि म्हणाला, ही रेघ बाहेर दिसली पाहिजे, बास. मला कळलं होतं. डोक्याला कळलं होतं.

त्याला एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीला फेरी मारायची होती. त्यासाठी दुसरी, जास्त भक्कम बोट शेडमध्ये अर्धी तयार होती. पण मदत करणाऱ्यांची अट होती की आधी पहिली बोट सेशेल्सपर्यंत नेऊन सुखरूप परत आणायची. म्हणजे त्या एका फेरीवर त्याचं सगळं आयुष्य उभं होतं. त्या फेरीला त्याने दोघांना बरोबर घेतलं, मला आणि त्याच्या मेहुण्याला.

मेहुणा शाळेत कवायतीचा मास्तर होता. जुन्या नाशकात त्याची तालीम होती, हातापायाने रेड्यासारखा, आणि स्वभावाने इतका गरीब की पोरांना शिक्षा म्हणून बैठका सांगायचा आणि पोरं कंटाळली की उरलेल्या स्वतः मारायचा. वहिनींचा हा एकच भाऊ. निघताना त्या कसाऱ्याच्या घाटापर्यंत बोटीच्या ट्रेलरमागे जीपमध्ये आल्या होत्या. तांडेलला काही म्हणाल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्या दोघांत डोकं फक्त तुम्हाला आहे. लक्ष ठेवा."

जातानाचा प्रवास चांगला झाला. वारा साथीला, आणि मास्तरचे विनोद. समुद्रात पहिले काही दिवस तो इतका ओकला की तांडेलने विचारलं, "मास्तर, आतडी ठेवलीत का काही?" मास्तर म्हणाला, "दाजी, परवाची मिसळ अजून बाकी आहे. ती मी सोडत नसतो." तांडेल मात्र समुद्रावर निराळाच माणूस होता. कमरेच्या पट्ट्याचा दोर बोटीला न अडकवता डेकवर पाऊल टाकलं की थोबाडीत बसायची. मला बसली, मास्तरला बसली. मास्तर गाल चोळत म्हणायचा, "घरी बाप नव्हता मारत तेवढं जावई मारतोय." आणि हसायचा. पण एका रात्री लाटेने त्याला डेकवरून उचलून कठड्याबाहेर फेकलं, तेव्हा तो त्याच दोराला लटकत राहिला म्हणून परत आला. त्यानंतर तो त्या थोबाडीत बसण्यावर विनोद करत नसे.

परतताना उशीर झाला होता. मे महिना लागला होता. वारा वायव्येकडून, म्हणजे आमच्या डावीकडून, एकसारखा. बोट दिवसामागून दिवस उजवीकडे कलून धावत होती आणि उजव्या बाजूच्या तारा सैल पडून राहिल्या होत्या. प्रत्येक लाटेला मोठी तार ठक्क करून आपटायची. झोपलो की तो आवाज लाकडातून थेट माझ्या कानात यायचा. जेवताना यायचा. मी तांडेलकडे पाहायचो. त्याला तो ऐकू येतच नसल्यासारखा तो भात खायचा.

एका सकाळी माझी पाळी होती. तांडेल रात्रभर जागून नुकताच आत जाऊन झोपला होता. ऊन कोवळं होतं, समुद्र त्या मानाने शांत. तार आपटत होती, ठक्क, ठक्क. मी पाना काढला. टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून त्यात एक पिन घातलेली असते. ती मी सरळ करून काढली. एक आटा घेतला. आवाज थांबला नाही. आणखी घेतले. तार सरळ झाली. मग हात थांबेना, जसा बागेत थांबत नाही, आणि मी टिचकी मारली तेव्हा ती वाजली. लाल रेघ आत गेली होती. ती मी पाहिली. पिन नीट परत घातली, टोकं वाकवली, पाना जागेवर ठेवला आणि मला फार बरं वाटलं. कित्येक दिवसांनी बोट गप्प झाली होती.

दुपारी पूर्वेकडून ढग आला. किनारा जवळ आल्याची ती खूण होती. वारा एकदम पडला आणि मग उजवीकडून, एखाद्या बैलाने धडक द्यावी तसा आला. बोट दुसऱ्या बाजूला आडवी झाली. तांडेल सुकाणूवर होता. तो ओरडला, "मास्तर, मोठं शीड उतरवा." मास्तर रांगत डोलकाठीपाशी गेला, दोर अडकवला, उभा राहिला आणि शीड खाली ओढायला लागला. आता सगळा भार उजव्या तारेवर होता.

बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. टर्नबकलचं वरचं टोक तुटलं. तार चाबकासारखी हवेतून गेली आणि मास्तरच्या मानेवर बसली. मला रक्त दिसण्याआधी त्याचा हात दिसला. तो मानेकडे न जाता शिडाकडेच जात होता, काम पुरं करायला. मग डोलकाठी मधून वाकली, कडकडली आणि डावीकडे पाण्यात कोसळली. जाताना तिने मास्तरला बरोबर नेलं. तो दोराला अडकून शिडाखाली बोटीला लटकत होता, आणि डोलकाठीचं तुटकं टोक प्रत्येक लाटेबरोबर मागे जाऊन बोटीच्या पोटावर आदळत होतं. तो तिच्या आणि बोटीच्या मध्ये होता.

पुढचं मला रोज दिसतं. एक लाट आली, टोक आदळलं, मास्तर ओरडला. दुसरी लाट आली, टोक आदळलं. तिसऱ्या वेळी तो ओरडला नाही.

उरलेल्या तारा कापल्या की डोलकाठी सुटून जाणार होती. त्यासाठी लांब दांड्यांची कातर माझ्या बाकाखाली बांधलेली होती, ते माझं काम होतं. मी कातर काढली. काढली आणि छातीशी धरून बसलो. माझं तोंड उघडं होतं आणि मी किंचाळत होतो असं मला नंतर उमगलं, कारण घसा सोलून निघाला होता. तांडेल सुकाणू सोडून माझ्यावर आला. "दे." मी दिली नाही. त्याने ओढली. मी दोन्ही हातांनी आवळून धरली, जशी पुरात त्याची मान धरली होती. त्याने मुठीने माझ्या तोंडावर मारलं. मी सोडलं नाही. मग त्याने दोर गुंडाळायचा लोखंडी दांडा उचलून माझ्या तोंडात घातला. दात घशात गेले आणि हात सुटले.

त्याने तारा कापल्या. डोलकाठी गेली. मग पालथं पडून त्याने मास्तरला एकट्याने वर ओढलं. मास्तरच्या छातीचा पिंजरा एका बाजूने आत गेला होता, श्वासाबरोबर तोंडातून फेस यायचा. तांडेल त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि बोलत राहिला, "मास्तर, नाशिक आलं. मास्तर, मिसळ बाकी आहे." ढग निघून गेला, ऊन पडलं. थोड्या वेळाने बोलणं थांबलं.

मेच्या उन्हात प्रेत ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला शिडाच्या कापडात गुंडाळलं, पायाशी साखळी बांधली आणि पाण्यात सोडलं. सगळा देश अस्थी घेऊन रामकुंडावर येतो, आणि रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेल्या माणसाचं मागे काही उरलं नाही. पुढे वहिनींना पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा लागला.

प्रेत सोडल्यावर तांडेल डेकवर फिरून मोडतोड पाहत होता. उजव्या बाजूला तो वाकला. टर्नबकलचा खालचा अर्धा भाग अजून डेकला होता. लाल रेघ नव्हती. त्याने अंगठ्याने आटे पुसले, पुन्हा पाहिलं. मग डाव्या बाजूचा जाऊन पाहिला. तिथे रेघ होती.

"हात लावला होतास?" त्याने विचारलं.

माझं तोंड सुजून भोपळा झालं होतं. मी मान हलवली, नाही अशी.

मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. हात उठेल असं मला वाटत होतं. उठला नाही. त्याने तो तुकडा सोडवला आणि पाण्यात टाकून दिला.

शिडाचा आडवा दांडा उभा करून, त्याला फाटकं कापड बांधून आम्ही कोकणच्या किनाऱ्याला लागलो. पोलिसांनी आधी माझं तोंड पाहिलं. "हे कसं झालं?" मी म्हणालो, "ह्याने मारलं." खोटं नव्हतं. "आणि जो मेला त्याला?" मी खाली पाहिलं. तेवढंच केलं मी. बाकीचं लोकांनी पुरं केलं. नाशिकला पोचेपर्यंत गोष्ट तयार होती: तांडेलचं समुद्रात डोकं फिरलं, त्याने दोघांना लोखंडाने झोडलं, वादळात मेहुण्याला जबरदस्तीने पुढे पाठवलं. तांडेलला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बोट माझी होती. जे झालं ते माझ्याकडून झालं." याहून जास्त तो कधी बोलला नाही, आणि लोकांनी तो कबुलीजबाब धरला.

वहिनी मला भेटायला दवाखान्यात आल्या. पलंगाशी उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. "भाऊजी, माझ्या भावाला त्याने मारलं का? तुम्ही म्हणाल तेच मी खरं मानीन." तोंडाला टाके होते, पण बोलता येत होतं. मी म्हणालो, "वहिनी, मला काही आठवत नाही." त्या त्याच दिवशी सामान घेऊन माहेरी राहायला गेल्या.

मास्तरचा तेरावा झाला आणि तालमीची पोरं माझ्या दारात जीप घेऊन आली. पोरं म्हणजे पंचविशीतली, तेलाने माखलेल्या खांद्यांची. "काका, चला." कुठे, ते मी विचारलं नाही. जीपमध्ये पायाशी घण होते आणि रॉकेलचा डबा होता.

तांडेल शेडच्या दारात उभा होता. आत ती मोठी बोट, अर्धी, पांढरी, लाकडी टेकूंवर.

"दाजी, बाजूला व्हा," एकजण म्हणाला.

"तिने काय केलंय?" तांडेल म्हणाला.

"तुम्ही केलंय. तुम्हाला मारलं तर ताईचं कुंकू जाईल. म्हणून हिला मारतो."

"मला मारा. मी तक्रार करणार नाही. तिला राहू द्या."

त्यांनी त्याचं अर्धंच ऐकलं. आधी त्यालाच खाली पाडलं. ज्याने आयुष्यभर पहिला हात उचलला त्याने त्या दिवशी एकही हात उचलला नाही. पोटात लाथा बसत होत्या आणि तो डोक्याभोवती हात धरून गप्प पडला होता. मग म्होरक्याने मला घण दिला. "काका, पहिला घाव तुमचा. तुमचा हक्क आहे."

घण घेऊन मी उभा होतो. तेव्हा बोलता आलं असतं. माझ्या गळ्याला कोणी धरलं नव्हतं, पुराचं पाणी नव्हतं, समोर लाट नव्हती. तांडेल मातीत पडल्या पडल्या माझ्याकडे पाहत होता. त्याचा एक डोळा मिटला होता. मी घण उचलला आणि बोटीच्या उजव्या अंगावर मारला, तार जिथे बसायची होती तिथे. भगदाड पडलं. मग बाकीचे तुटून पडले. मी बाजूला होऊन पाहत राहिलो. ती फुटताना माणसासारखी आवाज करत होती, आणि पेटली तेव्हा धूर इतका काळा होता की झेंडूच्या शेवटच्या ओळीपर्यंत फुलं काजळली.

नंतर कोणी त्याला बोट दिली नाही, मदत दिली नाही, धरणावर पाय ठेवू दिला नाही. तो त्या जळक्या शेडमध्ये राहून फुलं पिकवायला लागला. एकदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात तो पाटीसमोर बसलेला दिसला. मला वळायला वेळ मिळाला नाही.

"या मांडववाले," तो म्हणाला. "तोरणाला देऊ?"

"दे."

त्याने फुलं तोलली, वर दोन मुठी टाकल्या. "तारा काय म्हणतात?"

मी खिशात पैसे शोधायला लागलो.

"तू फिरवलास तेव्हा मी झोपलो होतो," तो कागद गुंडाळत म्हणाला. "मला माहीत होतं की तुला तो आवाज सहन होत नाही. रोज तुझं तोंड दिसत होतं. पाना मी उशाखाली घेऊन झोपायला हवं होतं." मग मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला ताई, किती देऊ?"

मी फुलं घेऊन घरी आलो, तोरण बांधलं आणि बोललो नाही. पुढे काही वर्षांनी तो शेडमध्ये एकटाच वारला. वहिनी अग्नी द्यायला आल्या नाहीत, पुतण्याने दिला. त्याच्या अस्थी मात्र रामकुंडावर गेल्या.

या वर्षी स्मृतिदिनाचं बोलावणं घेऊन तालमीचा माणूस आला, पोट सुटलेला, तोच ज्याने मला घण दिला होता. तो गेल्यावर मी रिक्षा करून वहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पुरापासून फुलबाजारापर्यंत. बोलत असताना त्यांची बोटं थांबली नाहीत. संपल्यावर त्यांनी जुडी खाली ठेवली, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तोंड उघडा."

मी कवळी काढून तोंड उघडलं. त्यांनी मान वाकडी करून आत पाहिलं, जसं गाय घेताना पाहतात तसं.

"कमी पाडले," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी मला मारलं. म्हातारीच्या हाताला जोर नव्हता, पण त्या मारत राहिल्या, मेथीच्या हिरव्या हातांनी, तोंडावर, छातीवर, धाप लागेपर्यंत. मी हात वर केले नाहीत. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तालमीत उभे राहून सांगा. आणि सांगून वाऱ्यावर सोडू नका, लिहा. पहिला घाव कोणी घातला तेसुद्धा लिहा."

तालमीत सांगितलं. हार परत काढून घ्यायचा की नाही, यावर मागे कुजबुज झाली. मी स्वतःच काढून ठेवला.

हे लिहिलेलं मी काल वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, एक राहिलंय. काय, मी विचारलं.

"ते मारकुटे होते असं लिहिलंत. लोक वाचून समजतील की घरीही मारत असतील. ह्यांनी मला कधी बोट लावलं नाही. मी नांदत होते तेव्हाही नाही, आणि मी टाकून आले तेव्हाही नाही. तेवढं घाला."

ते इथे घातलं आहे.